डोळ्यातली हळद

या, बसा. मी बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यातला पडदा बोलतोय. माझ्या कपाळावर कॅमेऱ्याचा एक डोळा आहे. पेशंट माझ्यापुढे बसतो आणि तिकडे अमरावतीत बसलेले मोठे डॉक्टर त्याला पाहतात. त्यांनी बटण दाबलं, तरच अकोल्याला न्यायची गाडी मिळते. माझा धंदा अडत्याचा म्हणा ना. इकडचा माल तिकडे दाखवायचा, पदरचं काही घालायचं नाही.

मी आलो तेव्हा मान मोठा होता. नारळ फुटला, पेढे वाटले. अंगावर झालरीचं कापडसुद्धा चढवलं.

मग दसरा आला. शिपाई गोवर्धन मोठा भाविक. वजनकाटा, फ्रिज, सगळ्यांची पूजा करत माझ्याकडे आला आणि हळदीचं बोट थेट माझ्या डोळ्यावर टेकवलं. गीतांजली सिस्टर ओरडल्या, तसं त्याने दिव्याच्या तेलकट फडक्याने ते पुसलं. पुसलं कसलं, सगळीकडे सारवलं.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल गुरुजी साधा खोकला घेऊन बसले. डॉक्टरांनी कावीळ म्हणून त्यांना अकोल्याला धाडलं. रक्त तपासून, कावीळ नाही म्हणून परत आलेले गुरुजी माझ्यावरच गरजले, "मले काहून पिवळा करून राहिला बे, डबड्या?" सगळा दवाखाना हसला. डॉक्टरही हसले.

सिस्टरांनी ऑनलाइन तक्रार टाकली. मला हात लावायची सोय नव्हती, 'हात लावू नये' असा कंपनीचा कागदच चिकटवलेला. कंपनीने लांबूनच पाहिलं. चित्र येतं, आवाज येतो, तक्रार निकाली. तेव्हापासून डॉक्टर माझा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करू लागले.

अशात आरती आपल्या सासूला, चतुराबाईला, घेऊन आली. सिस्टर लसीकरणाला बाहेरगावी गेल्या होत्या.

"बुढीचे डोळे पिवळे झाले, साहेब. काही खात नाई. अकोल्याले धाडा."

"अहो ताई, तो कॅमेऱ्याचा रंग आहे. तुमच्याकडचे सगळेच पिवळे दिसतात मला."

"घरी कुठं कॅमेरा हाय, साहेब?"

रांगेतले लोक हसले. आरती गोवर्धनकडे वळली. "भाऊ, तुमी तर डोयानं पाहून राहिले. सांगा ना त्यायले."

हळद त्याच्याच हातची. तो खाली पाहत म्हणाला, "साहेब मोठे हायेत, बाई. त्यायले समजते."

गॅसची गोळी मिळाली. उठता उठता चतुराबाईने मला हात जोडले.

फेरतपासणीचा मेसेज आरतीच्या मोबाइलवर अगदी वेळेवर पोचला. मेसेजला आम्ही पक्के. आरती आली, पण एकटीच. खुर्चीत बसली नाही. पदराचं टोक ओलं केलं, त्या कागदाकडे न बघता माझा डोळा पुसला. एवढंच काम होतं.

पलीकडे डॉक्टर खूश झाले. "वा, आज चित्र एकदम साफ आहे. पेशंट कुठं आहे?"

"परवा तेरवी हाय तिची," आरती म्हणाली. "या जेवाले."

आता मी लख्ख दाखवतो. यंदा दसऱ्याला गोवर्धनने लांबूनच हात जोडले. तो कागद अजून तसाच आहे.

तुमची पाळी आली की बसा समोर, घरचं कोणी सोबत आणा. त्यांचा शब्द न् शब्द मी अमरावतीला पोचवीन. पोचवण्याचाच धंदा आहे माझा. ऐकून घेणं तेवढं माझ्या हातात नाही.