शेवटच्या ओळीसमोर

पाणबुड्यांच्या सामानाच्या त्या दुकानात वहिनीचा एकच नियम होता: बुडीचा बेत कागदावर लिहायचा, कागद फरशीवर ठेवायचा आणि प्रत्येक ओळीसमोर तिचं सामान मांडायचं. धाकटा दीर कुरकुरत मांडत होता, कारण घरच्या माणसाला नियम लागू नसतात असा त्याचा समज होता. पंचावन्न मीटर खोलीसमोर दोन सिलिंडर आले, वर येतानाच्या थांब्यांसमोर तिसरा, अंधारासमोर तीन टॉर्च. शेवटची ओळ होती, ‘बुडालेल्या जहाजाच्या इंजिनखोलीत पाच मिनिटं’. तिच्यासमोर फरशी रिकामीच राहिली.

"परतीच्या वाटेसाठी दोऱ्याचं रीळ?" वहिनीने विचारलं.

"ते जहाज मला तोंडपाठ आहे, वहिनी. दोरा सोडण्यातच पाच मिनिटं जातील."

"मग ओळ खोडा."

"उगाच फाटे फोडू नका."

वहिनीने खुंटीवरचं जुनं रीळ काढून त्या ओळीसमोर ठेवलं. दिराने ते ओळखलं. भाऊ शेवटच्या बुडीला गेला तेव्हा ते याच खुंटीवर राहिलं होतं. दोरा अजून कारखान्यातून आला तसाच गुंडाळलेला होता.

"त्यांनाही तोंडपाठच होतं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद मागितला.