अंगठेवाल्या सभासद

सकाळी साडेनऊला ग्रंथपाल शकुनबाईंनी वाचनालयाचं कपाट उघडलं, देवघेवीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानामागून पान लाल शाईनं कापलेलं. देवकाबाई, सीताबाई, पुष्पाबाई, ललिताबाई. जिथं सहीच्या जागी अंगठा, तिथं नावावर आडवी रेघ. एकूण त्रेचाळीस बाया.

रेघा मारणारे अध्यक्ष भैय्याजी समोरच खुर्चीत तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसले होते. दुपारी जिल्ह्याहून तपासणीचे साहेब यायचे होते, म्हणून त्यांनी रजिस्टर 'साफ' केलं होतं.

"हे काय करून ठेवलं, भैय्याजी?"

"अंगठा लावणारी बाई पुस्तक वाचते काय? साहेब बोगस नोंदी म्हणतीन. वाचनालय वाचणाऱ्याचं असते, शकुनबाई. नियम हाये."

नियम! पन्नास वर्षांपूर्वी धनीरामजींनी भाताच्या गिरणीच्या कोपऱ्यात दोन कपाटं ठेवून हे वाचनालय सुरू केलं, तेव्हा त्यांनीच पाच नियम लिहिले. दर नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर ते उतरवले जातात. पहिलाच नियम: सही किंवा अंगठा, दोन्ही चालेल. आणि पाचवा: वर्षभर एकही पुस्तक न नेणाऱ्याचं नाव कमी होईल. त्या पाचव्या नियमानं शकुनबाईंनी स्वतःच्या दिराचं नाव कापलं होतं. तो दोन वर्षं त्यांच्या घरी चहाला आला नाही. आणि ज्यानं नियमांचं ते पान कधी उघडून पाहिलं नाही, तो आज त्यांना नियम शिकवत होता!

या बाया कशा वाचतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत दुपारी शेताच्या धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या की देवकाबाईंची सून अंजू पुस्तक उघडायची. एकजण वाचणार, बाकीच्या भाकरीचा घास हातात धरून ऐकणार. एका नावावर एकच पुस्तक मिळतं, म्हणून प्रत्येकीनं आपला अंगठा लावलेला. पुस्तकं परत यायची ती पानांवर चिखलाची बोटं घेऊन. शकुनबाई ओल्या फडक्यानं पुसायच्या, पण कुरकुर कधी केली नाही. सही करणारे सभासद येतात ते पेपर चाळायला, आणि कूलर बंद पडला की चालते होतात. देवकाबाई मात्र शेवट पटला नाही तर भांडायला येतात, जणू तो शकुनबाईंनीच लिहिलाय.

बारा वाजता अंजू पुस्तक बदलायला आली. भैय्याजींनी तिला दारातूनच सांगितलं, "तुमच्या साऱ्या बायांचं नाव काटलं. पुस्तकं आणून द्या." अंजू तशीच भाताच्या बांधीत रोवणाऱ्या बायांकडे परतली.

तीनला साहेब आले. त्यांनी पानं उलटली आणि चष्मा काढला.

"या लाल रेघा सोडल्या तर वाचक उरतात किती?"

"एकोणीस," शकुनबाई म्हणाल्या.

"एकोणीस वाचकांसाठी वाचनालय चालू ठेवा, असं मी वर कसं लिहू?"

भैय्याजींचा खर्रा तोंडातच राहिला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तेवढ्यात दारात बाया उभ्या राहिल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेली पुस्तकं. देवकाबाईंनी एक जाड कादंबरी टेबलावर ठेवली.

"घ्या तुमचं पुस्तक. पन भैय्याजी, नावाड्याची बायको भरल्या पुरात उतरली, तिथवर आलो आमी. पुढं तिचं काय झालं, तेवढं सांगा, मंग जातो."

"मले काय माहीत?"

"काहून? तुमाले त वाचता येते ना!"

साहेबांनी पेन खाली ठेवला. भैय्याजी पंख्याकडे पाहू लागले.

शकुनबाईंना स्वतःचीच लाज वाटली. भैय्याजींनी शेवटचं पुस्तक नेलं त्याला आठ वर्षं झाली होती. दरवर्षी नावं कमी करताना शकुनबाईंचा हात या एका नावाशी अडायचा. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून त्या पुढचं पान उलटायच्या. दिराचं नाव कापताना मागंपुढं पाहिलं नव्हतं, आणि इथं सात वर्षं भ्यायला काय झालं होतं? त्यांना भैय्याजींचा राग आला होताच, आता स्वतःचा त्याहून जास्त आला.

त्यांनी पहिलं पान उघडून साहेबांना पहिला आणि पाचवा नियम मोठ्यानं वाचून दाखवला. मग भैय्याजींचं पान उघडलं. त्यावर एकच नोंद होती, आठ वर्षांपूर्वीची.

"साहेब, यात चूक माही बी हाये. हे नाव मी सात वर्षांपहिलेच काटाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. टेबलावरचा तोच लाल पेन उचलून त्यांनी भैय्याजींच्या नावावर सरळ रेघ ओढली. "जो सभासदच नाई, त्याले दुसऱ्याचं नाव काटता येत नाई."

भैय्याजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पाचवा नियम पुन्हा वाचत होते.

शकुनबाईंनी कोरं पान काढलं, वर देवकाबाईंचं नाव लिहिलं आणि शाईचं पॅड पुढं केलं. देवकाबाईंनी अंगठा उमटवला, कादंबरी काखेत घेतली. मग त्यांनीच ते पॅड भैय्याजींपुढं सरकवलं.

"नवीन सभासद व्हा ना, भैय्याजी. सही करा नाई त अंगठा लावा. पन पुस्तक घरी न्या."