पिंपाच्या दाराजवळचा बोर्ड

बायको गेली हे क्रेनवाल्याला कळलं, तेव्हा त्याच्या दातांना अजून केकचं क्रीम चिकटलेलं होतं. निळं क्रीम. केकवर दोन्ही कंपन्यांची चिन्हं काढली होती आणि त्याच्या वाट्याला नेमका निळा तुकडा आला होता.

त्या दिवशी करार झाला होता. एक कंपनी रॉकेट उडवणारी, लोकांचं सामान भाड्यानं वर पोचवणारी. दुसरी अंतराळात स्वतःचं स्थानक उभं करायला निघालेली. पैसेवाले तिथे जाऊन राहतील, कारखानदार प्रयोग करतील, असा बेत. एकीकडे गाडी होती, दुसरीकडे सामान. सोयरीक जुळली. क्रेनवाला रॉकेटवाल्यांकडे होता आणि बायको स्थानकवाल्यांकडे. करार व्हायच्या आधीच दोन शेडमधली भिंत पाडली, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे आता कामावरही तुझंच तोंड बघायचं?"

स्थानकाची पहिली खोली तयार होत होती. कागदोपत्री तिला मॉड्यूल म्हणत, शेडमध्ये सगळे पिंप म्हणत. आत शिरून तारांच्या जोडण्या तपासायच्या, हे बायकोचं काम. काम नसेल तेव्हा आत दमटपणा राहू नये म्हणून पिंपात नायट्रोजन सोडत. त्याला वास नाही, रंग नाही. आत माणूस असला तर कळायच्या आत आडवा. म्हणून दाराजवळ एक बोर्ड होता. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला त्यावर टांगायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही. गॅसवाला लांब काचेमागे बसायचा. बोर्ड रिकामा दिसला तरच गॅसचा कॉक फिरवायचा.

कराराच्या दिवशी बायको पिंपात काम करत असताना बाहेर फोटोंची तयारी चालली होती. फोटोत तो ओरखडे पडलेला बोर्ड बरा दिसेना. कोणीतरी तो काढून पडद्यामागे ठेवायला लावला, बायकोच्या बिल्ल्यासकट. त्याच जागी दोन्ही चिन्हांचा नवा कोरा बोर्ड लागला, चकचकीत. गॅसवाल्यानं रिकामा बोर्ड बघितला आणि कॉक फिरवला.

तिला बाहेर काढलं तेव्हा भाषणं चालू होती. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडेपर्यंत क्रेनवाल्याला कोणी सांगितलं नाही. तोवर तो टाळ्या वाजवत होता, केक खात होता. नंतर त्यानं बेसिनवर वाकून सगळं ओकून टाकलं. ती गोड चव मात्र हटेना. पाणी प्यायलं तरी तीच, भात खाल्ला तरी तीच.

गॅसवाला घरी येऊन गेला. आत यायला तयार नव्हता, पायरीवरच बसला. "रिकामा होता रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच्यावर चिडायचा क्रेनवाल्यानं खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

मग दोन्ही कंपन्यांचे साहेब आले. बायकोची धाकटी बहीण मुक्कामाला होती. तिनं सोफ्यावरचे घडी न घातलेले कपडे बाजूला करून त्यांना बसायला जागा दिली. साहेबांनी फुलं आणली होती. फुलांच्या फितीवरही तीच दोन चिन्हं.

"स्थानकाला एक मोठी खिडकी आहे," स्थानकवाला साहेब म्हणाला. "तिला ताईंचं नाव द्यायचं ठरलंय. तिथून अख्खी पृथ्वी दिसेल."

"कोणाला दिसेल?" मेहुणीनं विचारलं. "ताईला?"

साहेबानं फितीची गाठ सारखी केली. रॉकेटवाला साहेब पुढे सरकला. "आणि मॉड्यूल रॉकेटवर चढवायचं काम तुम्हीच करावं, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. कॅमेरे असतील. लोकांच्या काळजाला भिडेल."

"मग तिकीट लावा की," मेहुणी म्हणाली. "मी पण येते, पुढच्या रांगेत."

"बोर्ड कोणी काढायला लावला?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"बोर्ड यांच्याकडचा होता," रॉकेटवाला म्हणाला.

"कार्यक्रम यांनी ठेवला होता," स्थानकवाला म्हणाला.

दोघंही अतिशय अदबीनं एकमेकांकडे बोट दाखवत होते. शेवटी रॉकेटवाल्यानं घसा खाकरला. "तसं बघितलं तर कॉक गॅसवाल्यानं फिरवला. त्याला घरी बसवलंय. तसं निवेदन दोन्ही कंपन्या मिळून काढतील. तुमची हरकत नसावी."

क्रेनवाल्याला पुन्हा तोंडात ती चव आली. तो काही बोलला नाही. साहेबांना वाटलं, हरकत नाही.

ते गेल्यावर मेहुणीनं फुलं कचऱ्याच्या डब्यात कोंबली. "भाऊजी, जाणार तुम्ही त्या तमाशाला?"

"जाणार."

"काही वाटत नाही तुम्हाला?"

"किळस वाटते. म्हणून तर जाणार."

अवजड सामानाची उचल असली की खाली गर्दी जमते आणि गर्दीत सगळेच हात हलवतात. म्हणून क्रेनवाल्यांची एक रीत आहे. वर केबिनमध्ये बसलेला वायरलेसवर विचारतो, 'उचल कोणाची?' खालून एकाच माणसानं हात वर करून 'माझी' म्हणायचं. पुढे काही बिघडलं तर त्यानंच उत्तर द्यायचं. 'माझी' ऐकल्याशिवाय हूक हलत नाही. एरवी हे मुकादम म्हणायचा. पिंप चढवायच्या सकाळी कॅमेरे होते, म्हणून वायरलेस साहेबांनी मागून घेतला.

क्रेनवाला शिडी चढून केबिनमध्ये बसला. पिंपाला पट्टे लावून झाले. "उचल कोणाची?" त्यानं विचारलं.

"आमची!" दोन्ही साहेब कॅमेऱ्याकडे बघत एका सुरात म्हणाले. टाळ्या पडल्या.

"आमची चालत नाही. एकानं सांगा."

साहेब हसले. "बरं बाबा, माझी," रॉकेटवाला म्हणाला.

"मग बोर्ड कोणी काढायला लावला, तेही सांगा. सांगा, लगेच उचलतो. गॅसवाल्याच्या माथी मारू नका."

कार्यक्रमासाठी लावलेल्या कर्ण्यावरून त्याचा आवाज शेडभर घुमला. रॉकेटवाल्यानं वायरलेस स्थानकवाल्यापुढे धरला. तो घेईना. मग तो निवेदन लिहिणाऱ्या बाईच्या हातात गेला, तिनं तो मुकादमाच्या हातात कोंबला आणि कॅमेरेवाल्यांना बंद करा, बंद करा अशा खुणा करत सुटली.

"खाली ये," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "उगाच नोकरी घालवशील."

"जाऊ दे. तुला माहीत आहे का बोर्ड कोणी काढायला लावला?"

"मला माहीत असतं तर बोललो नसतो का?"

"बोलला असतास?"

मुकादमानं वायरलेस खाली केला. क्रेनवाला बराच वेळ वाट बघत राहिला. पिंप खाली जागच्या जागी उभं होतं, बाजूला हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत होती. शेवटी त्यानं क्रेन बंद केली, किल्ली काढली आणि उतरला.

शिडीपाशी रॉकेटवाला साहेब आडवा आला. "ही जागा नव्हती हे बोलायची."

"घरी विचारलं, तेव्हा तरी कुठे बोललात?"

किल्ली साहेबाच्या हातात देऊन तो फाटकाबाहेर पडला.

नंतर दुसरा क्रेनवाला बोलावून पिंप चढवलं. ते नीट उडालं, नीट पोचलं. निवेदनही निघालं, ठरलं होतं तसंच. गॅसवाला अजून घरी बसून आहे. बोर्ड कोणी काढायला लावला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.