केसांवर तरंगणारी बाई

हंगामाचा पहिला खेळ दुपारी होता आणि सकाळपासून सगळ्या सर्कशीच्या अंगात वारं शिरलं होतं. विदूषक डोक्यावरची टोपी गावभर शोधत होता, वाद्यवाले एकच तुकडा दहादा वाजवत होते आणि तंबूच्या दारावर नवी पाटी चढत होती : 'केसांवर तरंगणारी बाई, पुन्हा आपल्या भेटीला!' ती बाई मात्र आपल्या चाकांवरच्या खोलीत, खिडकीशी, हातातल्या फणीकडे बघत बसली होती. फणीत केसांचा हा एवढा गुंता होता.

तिला सगळी सर्कस सूनबाई म्हणायची, कारण तिच्याआधी हाच खेळ तिच्या सासूबाई करायच्या. खेळ सांगायला सोपा. केस भिजवायचे, त्यांची दोरीसकट घट्ट वेणी घालायची, वेणी लोखंडी कडीत गुंफायची आणि कडी दोराला अडकवायची. दोर ओढला की बाई उचलली जाते ती थेट तंबूच्या छताखाली. हात मोकळे, पाय मोकळे, सगळा भार केसांवर. वर गेल्यावर गिरक्या घ्यायच्या. मुलगा लग्न करून सून घेऊन आला तेव्हा मालक म्हणाले, आता नवा चेहरा हवा, आणि सासूबाईंनी हसत हसत खेळ सुनेच्या हवाली केला. त्या हसत होत्या हे खरं. पण अजूनही रोज सकाळी त्या खोलीमागच्या लोखंडी दांड्याला कडी अडकवून थोडा वेळ लटकायच्या. कुणी म्हातारपणी फिरायला जातं, सासूबाई लटकायच्या. मान मोकळी होते म्हणे.

पोटुशी असताना सूनबाईचे केस असे दाट झाले होते की फणी शिरेना. ती मिरवायची, आणि का मिरवू नये? मग बाळ झालं, आणि बाळ पालथं पडायला लागलं तसे केस गळायला लागले. उशीवर केस, न्हाणीच्या जाळीत केस, बाळाच्या मुठीत केस. कपाळाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसायला लागली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाईचे केस गेले तर आरसा रुसतो. हिचे केस गेले तर हिचं काम जातं.

ती गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. त्यांनी नीट समजावून सांगितलं. एरवी रोज थोडे केस गळतातच. गरोदरपणात ते गळायचे थांबतात, म्हणून तर दाट वाटतात. बाळ झालं की काही महिन्यांनी ते साठलेले सगळे एकदम रजा घेतात. मुळं जागच्या जागी असतात, केस परत येतात, बहुतेकींचे बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत. नीट जेवा, थकवा फार वाटला किंवा वर्षानंतरही गळत राहिले तर रक्त तपासू, बाळाच्या बोटांना केस गुंडाळला गेला नाही ना ते बघत जा, आणि मुख्य म्हणजे केस सैल ठेवा, ओढ बसू देऊ नका. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, काम काय करता?

"केसांना लटकते," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग जे काही सांगितलं त्यात 'नाही' हा शब्द बऱ्याच वेळा होता.

सूनबाईने घरी येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे. कारण मालक आधीच बोलून बसले होते, की बाळंतिणीला जमत नसेल तर छताखालची जागा झुलेवाल्या बहिणींना देऊ, तिकीट खिडकीवर बसायलाही माणूस लागतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तिने कपड्यांच्या पेटाऱ्यातून एक लांब काळं गंगावन शोधून काढलं. वेणीत मिसळलं की कुणाला कळणार?

आता कोंबडं झाकून कधी तांबडं फुटायचं राहिलंय? ही वेडी एक गोष्ट विसरली. खेळाआधीची वेणी ती स्वतः घालत नसे. ती सासूबाई घालायच्या, कायम. तो हक्क त्यांनी कुणालाच दिला नव्हता.

दुपारी तंबू गच्च भरला. पडद्यामागे सूनबाई स्टुलावर बसली, नवरा पलीकडे दोराशी उभा राहिला, बाळ विदूषकाच्या मांडीवर त्याचं लाल नाक उपटत होतं. सासूबाईंनी केस भिजवले. तीन पेड केले. आणि त्यांचे हात थांबले.

त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलं नाही. बोटांनीच पाहिलं. एका झटक्यात गंगावन ओढून काढलं आणि सुनेच्या मांडीवर टाकलं.

"यावर लटकणार होतीस? वरून खाली आली असतीस म्हणजे?"

सूनबाईला रडू फुटलं. डॉक्टरीणबाई, मालक, तिकीट खिडकी, सगळं एका दमात बाहेर पडलं. माझी जागा जाईल, आई, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी माझेही गेले होते," सासूबाई म्हणाल्या. "असेच, ओंजळीओंजळीने. मला वाटलं, मला काहीतरी झालंय. कुणाला बोलले नाही, तिकिटं फाडत बसले आणि रडले. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. तुला मी होते ना गं?"

तेवढ्यात बाहेर ढोल घुमला. मालकांनी केसांवर तरंगणाऱ्या बाईचं नाव पुकारलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सूनबाई उठायला लागली तर सासूबाईंनी तिला खांद्याला धरून बाजूला सारलं, स्वतः स्टुलावर बसल्या आणि अंबाड्यातला आकडा काढला. पांढरे, जाड, कमरेपर्यंतचे केस पाठीवर सुटले.

"बघत काय बसलीस? भिजव."

सूनबाईने आयुष्यात दुसऱ्याची खेळाची वेणी घातली नव्हती. पण बोटांना सगळं पाठ होतं. इतकी वर्षं ते तिच्याच डोक्यावर घडत आलं होतं. पेड, दोरी, कडी, गाठ. तिने गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. सासूबाईंनी चमचमतं जाकीट अंगात चढवलं. बटणं लागेनात, राहू दे म्हणाल्या, आणि रिंगणात निघाल्या. चष्मा डोळ्यांवरच राहिला.

दोराशी उभ्या नवऱ्याने आपल्या आईला येताना पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच. ओढ रे, असं ती त्याच्या अंगावर खेकसली, तेव्हा कुठे त्याने दोर ओढला.

प्रेक्षकांत कुजबूज झाली. म्हातारी? मग सासूबाईंचे पाय जमिनीवरून सुटले आणि कुजबूज जागच्या जागी विरली. त्या वर गेल्या, आणखी वर, दिव्यांच्या उजेडात. त्यांनी हात पसरले आणि गिरकी घेतली. पहिली सावकाश, मग अशी भरभर की चष्म्याच्या काचा नुसत्या लखलखत राहिल्या. बाळ खिदळलं. सूनबाई खाली उभी राहून एका डोळ्याने कडी बघत होती आणि दुसऱ्याने रडत होती, पण हे रडणं वेगळं होतं. तिला इतका आनंद स्वतः वर असतानाही कधी झाला नव्हता. सारा तंबू उभा राहिला. पलीकडे मालक टाळ्या पिटत होते आणि ही आपलीच कल्पना असल्यासारखं शेजारच्याला काहीतरी सांगत होते.

खेळ संपला. पडद्यामागे सासूबाई स्टुलावर बसून धापा टाकत होत्या आणि सूनबाई ओली वेणी सोडवत होती. सासूबाईंचे गाल लाल झालेले, वय दहा वर्षांनी उतरलेलं.

"जागा तुझीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मालकाला सांगितलंय मी. तोवर मी राखते. काय म्हणाली ती डॉक्टरीण, किती महिने?"

सूनबाईने सांगितलं, बाळाच्या वाढदिवसापर्यंत. कुणाकुणाला जास्तही लागतात.

"लागू देत. केसांना घाई करू नये."

मग त्यांनी सुनेला जवळ ओढलं, चष्मा सारखा केला आणि तिच्या कपाळावर बोट फिरवलं. टाळू दिसत होती तिथे, मुळाशी, बारीक काळे केस ताठ उभे होते, बाळाच्या जावळासारखे. सूनबाईने आरशात पाहिलं. खरंच आले होते.

"आहेत," सासूबाई म्हणाल्या. "पण फार लहान आहेत गं अजून." आणि काही केल्या त्यांना आपलं हसू लपवता येईना.