बिनानावाचं भांडं

हरीनं पातेलं मांडीवर पालथं घेतलं, बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी वाजवून पाहिलं आणि काढलेली छिन्नी पुन्हा डब्यात टाकली.

"यावर नाव घालता यायचं नाही, बाबा."

"का? हात बसत न्हाई व्हय तुजा?" आकारामनं विचारलं.

"हात बसतो हो. पण हे बिडाचं आहे, वर काचेचा मुलामा. तांब्या-पितळेसारखं मऊ नाही. पहिल्या घावाला टवका उडेल, आणि घाव जरा जोरात बसला तर भांड्यालाच तडा जाईल."

सांगलीतल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर हरी वीस वर्षं बसत होता. निम्म्या गावाची लग्नं आणि निम्म्या गावाची मरणं त्याच्या छिन्नीखालून गेली होती. नाही म्हणायची वेळ त्याच्यावर क्वचितच येत असे, त्यामुळे तोही जरा ओशाळला.

आकाराम मात्र हटणारा नव्हता. इस्लामपूरच्या पलीकडून दोन एस्ट्या बदलून तो आला होता. सगळी वाट पातेलं धडप्यात बांधून मांडीवर धरलं होतं. मांड्यांना रग लागली, तरी सुनेच्या हातात दिलं नव्हतं. सून विजयमाला त्याच्यामागे एक पाऊल सोडून उभी होती, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, कपाळावर कुंकू.

"टवका उडू दे, तडा जाऊ दे. नाव घाल," आकाराम म्हणाला.

हे निळं पातेलं सयाजीनं आणलं होतं. सयाजी म्हणजे आकारामचा एकुलता एक पोरगा, पलटणीत लंगरावर स्वयंपाकी. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात रजेवर आला, तेव्हा वळकटीतून हे धूड निघालं. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या मडमेनं तीन भांडी विकायला काढली होती आणि या पठ्ठ्यानं त्यातलं सगळ्यांत जड निवडलं. आतला पांढरा मुलामा नखानं चाचपून पाहिला, झाकण फिरवून पाहिलं, कडेला कान लावून वाजवलं. नवरी बघायला गेलो तेव्हा इतकं बघितलं नव्हतं, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि विजयमाला लाजून परड्यात पळाली होती.

"आई, ह्याला धीमी आंच लागती बग," तो चुलीपुढं बसून बनूबाईला शिकवत होता. "कोरडं तापवायचं न्हाई. तापल्यावर गार पानी वतायचं न्हाई. डाव लाकडाचा. आन् राख तर बिलकूल लावू नगंस."

"मंग ह्यात फोडनी कशी द्यायची रं?" बनूबाईनं विचारलं होतं.

ते बघायचं राहिलंय, असं म्हणून त्यानं झाकण लावलं. पलटणीची नोकरी संपली की साताऱ्याच्या स्टँडजवळ खानावळ काढायची आणि या पातेल्यात शिजवायचं, एवढं मात्र त्याचं पक्कं ठरलं होतं.

डिसेंबरात लढाई झाली आणि नंतर तार आली. मास्तरांनी ती दोनदा वाचून दाखवली. बेपत्ता, बहुधा ठार. त्या 'बहुधा'नं घराचा पार चोथा केला. ना धड सुतक, ना धड आशा. बनूबाई दारातून उठेना, जेवणावरून तिची वासना उडाली. विजयमालानं मात्र पातेलं हातात घेतलं. फोडणी वेगळी लोखंडी पळीत करून वरून ओतायची, ही युक्ती तिनंच काढली. घासायला रिठ्याचं पाणी आणि मऊ चिंधी. तीन वर्षांत मुलाम्यावर चरा उमटू दिला नाही. आकारामला वाटे, पोरगी नवऱ्याचं भांडं नवऱ्यासाठी जपतेय. तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघायचं तो टाळत असे.

या दिवाळीनंतर त्यानं मनाचा हिय्या केला. कुणीतरी सोक्षमोक्ष लावायला हवा होता. पातेल्यावर नाव घालायचं आणि ते गावकीच्या भांड्यांत द्यायचं. देवळाच्या खोलीत अशी भांडी होती. गेलेल्या माणसाचं नाव घातलेली, गावात लग्नकार्य निघालं की बाहेर पडणारी. माणूस जातो, पण पंगतीत राहतो. त्यानं हे सांगितलं तेव्हा बनूबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. विजयमाला फक्त मी पण येते म्हणाली.

"बरं, तुमची जोखीम," हरीनं कानावरची पेन्सिल काढली. "आधी मजकूर कागदावर लिहून घेतो. कै. पासून सुरुवात करायची ना?"

आकारामनं तोंड उघडलं. एस्टीत सगळी वाट तो हाच मजकूर मनात घोकत आला होता, आता त्यातला एक शब्द बाहेर पडेना. हरी पेन्सिल टेकवून थांबला होता. शेजारच्या दुकानात कुणीतरी लग्नाच्या घागरी वाजवून बघत होतं.

"कै. नगं," तो शेवटी म्हणाला.

"मग नुसतं नाव?"

"नाव बी नगं. ऱ्हाऊ दे." तो घाईघाईनं धडपं आवळू लागला. "चल पोरी. तारंत बहुधाच लिवलंय की. पाकिस्तानात कुटं तुरुंगात आसंल. आजून एक वरीस बगू. तुज्या मनासारकं हुंदे."

विजयमाला जागची हलली नाही.

"लिवा तुमी," ती हरीला म्हणाली. "कैलासवासी सयाजी आकाराम खोत."

नवऱ्याचं नाव तिनं आजवर एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आकारामचे हात धडप्याच्या गाठीवर तसेच राहिले.

"काय म्हनलीस?"

"नाथाजी भावजी आलं हुतं, मामंजी. लंगरावर ह्यांच्या जोडीला हुतं ते. त्यांनी डोळ्यानं बगितलंय."

"कवा आला हुता?"

"तुमी आन् आत्याबाई जोतिबाला गेला हुतासा तवा."

चैत्रातली गोष्ट. पोरगा परत येऊ दे म्हणून बनूबाई नवस बोलायला गेली होती आणि आकाराम तिच्याबरोबर. दोघं दिवेलागणीला गुलालानं माखून परत आले होते.

"मंग बोलली का न्हाईस?" त्याचा आवाज चढला. हरीनं मान खाली घातली.

"भावजींसाठी ह्याच भांड्यात आख्खा मसूर शिजवला हुता. त्यांच्या गळ्याखाली घास उतरंना. तसंच उटून गेलं. त्योच तुमाला वाडला. आत्याबाईंनी दोनदा मागून घेतला. नवस बोलून आल्यावर किती दिसांनी जेवल्या त्या. म्या कसं सांगायचं हुतं?"

आकारामला तो मसूर आठवला. लय ग्वाड झालाय, असं तो स्वतः म्हणाला होता.

सात महिने ही पोर रोज सकाळी कुंकू लावत होती, ते त्या दोघांसाठी. आणि तो मात्र नवरा गेला हे तिला पटावं म्हणून नाव घालायला सांगलीला आला होता. आकारामला तिची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी शरम वाटली, की त्यानं धडप्याची गाठ सोडली आणि पातेलं हरीपुढं ठेवलं.

"घालू का?" हरीनं हळूच विचारलं.

आकारामनं मान डोलावली. हरीनं छिन्नी लावून अगदी हलका घाव घातला. नखाएवढी निळी खपली उडून रस्त्यावर पडली आणि खालचं काळं बीड उघडं झालं.

"ऱ्हाऊ दे," आकाराम म्हणाला. "बास झालं."

हरीनंही पुढं आग्रह केला नाही. विजयमालानं पातेल्यासाठी हात पुढं केले. या खेपेला आकारामनं ते तिला दिलं.

स्टँडवर इस्लामपूरची गाडी लागायला अवकाश होता. दोघं बाकावर बसली, मध्ये पातेलं. त्यानं विचारलं,

"नाथाजी गेल्यावर, त्या सांजंला परत चूल पेटवलीस व्हय तू?"

"पेटवली. भाकरी करायच्या हुत्या. तुमी उपाशी आला हुतासा."

मरणाची बातमी आलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डाळ-भाकरी आणून देतात. त्या दिवशी शेजारच्या कुणाला काही कळलंच नव्हतं.

गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. आकारामनं गर्दीत खांदा घालून तिला वाट करून दिली, खिडकीशी बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी टेकला.

"तुज्या आत्याबाईला म्या सांगतो," तो म्हणाला. "तू आज चूल पेटवू नगंस."