स्टेलिओस अंगणात आहे

शेजारच्या फाटकाची कडी वाजली. खट्.

स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या टेगनने डोळे मिटून घेतले. हार्वीचा आत्ता कुठे डोळा लागला होता. अख्ख्या घराने श्वास रोखून धरला होता जणू. कुंपणापलीकडे म्हातारा खाकरला, मग दोरी ओढल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि मग ते पानं उडवायचं मशीन घशात काहीतरी अडकल्यासारखं खोकलं आणि जे सुरू झालं ते झालंच. आतल्या खोलीतून हार्वी आधी कुरकुरला, पाठोपाठ टाहो.

"आलं वादळ," तिचा नवरा डेल म्हणाला. मालगाडीची रात्रपाळी संपवून तो नुकताच घरी टेकला होता. बूट काढायचं त्राण नव्हतं, थट्टेपुरतं मात्र होतं. "सगळ्या अंगणात सिमेंट ओतलेलं. झाड एकच, तेही लिंबाचं. पानं उडवतो म्हणे! वारा झाडत असेल."

"तुला हसायला येतं. तू कानात बोळे घालून झोपशील."

"तुलाही आणून देतो."

"आणि बाळ रडलं तर ऐकणार कोण? केरिन?"

समोरच्या घरातली केरिन गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपची स्वयंघोषित मुकादम होती. कुणाचा कचऱ्याचा डबा दोन दिवस रस्त्यावरच राहिला, कुणाचं कुत्रं दिवसभर भुंकतं, कुणी कॅरॅव्हॅन दुसऱ्याच्या घरापुढच्या गवतावर लावली, सगळं तिथे यायचं. त्या मशीनबद्दल तिने लिहिलं होतं, 'ते चोरून नेणाऱ्याला माझ्याकडून बिअरचा खोका.' खाली बावीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते. टेगननेही टाकला होता.

तसा तो म्हातारा, स्टेलिओस, काही त्रास देणारा शेजारी नव्हता. मोटारीच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला, बायकोचं नाव मरूला, ती घरी शिलाई करायची. तरुणपणी जहाजातून ग्रीसहून आले ते याच घरात. टेगनची थोरली, मार्नी, जन्मली तेव्हा मरूला पांढऱ्या साखरेत घोळवलेल्या बिस्किटांचं ताट घेऊन आली होती, आणि बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावर थुंकल्यासारखं करून गेली होती. टेगनच्या आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. स्टेलिओसने मार्नीला स्वतःला 'पापू' म्हणायला शिकवलं, त्यांच्याकडे आजोबांना तसंच म्हणतात. पण गेली दोन वर्षं मरूला उंबऱ्याबाहेर दिसली नव्हती. समोरच्या खोलीत खिडकीशी बसलेली असायची. इंग्रजी आधी विसरली, मग बाकीचं एकेक. मार्नी येताजाता तिला हात करायची. कधी ती हात करायची, कधी पडद्याकडेच बघत राहायची.

रविवारी त्यांची मुलगी डेस्पिना यायची आणि कुंपणावरून भांडण ऐकू यायचं.

"बाबा, तुम्हाला झेपत नाही. एक दिवस तुम्हीच पडाल. वृद्धाश्रमात नर्स असतात, जेवण असतं, सगळं..."

"मी जिता आहे तोवर तुझी आई या घरातून कुठे जाणार नाही."

"मग नंतर?"

"नंतरचं नंतर. कॉफी पी."

आवाजाबद्दल टेगनने एकदा त्याला विचारलंही होतं, अगदी मऊ शब्दांत. थोडं उशिरा सुरू करता येईल का, बाळ रात्रभर जागतं. म्हातारा खाली बघत हसला होता, कान लाल झाले होते. "हो पोरी, हो. बघतो." त्याने तिच्या ओंजळीत लिंबं घातली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा कडी वाजली. त्या लिंबांचा टेगनला मशीनपेक्षा जास्त राग आला.

मग एका सकाळी मार्नीच्या हातून दुधाचा पेला सांडला. एवढंच. पण टेगन अशी काही ओरडली की पोरगी टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "आई, मी पुसते. तू नको ओरडू, मी पुसते." पाच वर्षांची नव्हती अजून. बाहेर मशीन चालूच होतं. टेगनने ओल्या हातानेच फोन उचलला आणि कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, लावला.

पलीकडची बाई फार गोड होती. इतक्या सकाळी मशीन चालवणं नियमातच बसत नाही म्हणाली. तुमचं नाव कुणाला कळणार नाही म्हणाली.

दोन दिवसांनी पिवळं जाकीट घातलेला कौन्सिलचा माणूस आला. टेगन पडद्याच्या फटीतून बघत होती. स्टेलिओस टोपी हातात धरून उभा होता. तो काही वाद घालेल, हातवारे करेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त एकदा खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला सुरुवात केली, मग मध्येच थांबला, मान हलवली आणि त्या माणसाला फाटकापर्यंत पोचवायला गेला.

दुसऱ्या सकाळी कडी वाजली नाही. हार्वी उन्हं वर येईपर्यंत झोपला. टेगनने किती महिन्यांनी चहा गरम असताना संपवला, उभ्याने नव्हे, बसून. मार्नीची वेणी घातली. तिसऱ्या दिवशी तर ती चक्क गुणगुणत होती. पलीकडून एकदा कुणीतरी किंचाळल्यासारखं वाटलं. पण पहाटे ककाटू पोपटांचे थवे वरून जातात तेही तसेच किंचाळतात. ती पुन्हा चादरीत शिरली.

गुरुवारी, कचऱ्याच्या गाड्यांच्या दिवशी, दार धडाधड वाजलं. दारात स्टेलिओस. पायजमा, बनियन, अनवाणी.

"मरूला आली इकडे? पोरी, मरूला?"

डेल झोपला होता. त्याला हलवून त्याच्या हाती गाडीची किल्ली दिली, हार्वीला बाबागाडीत घातलं, मार्नीचा हात धरला आणि टेगन म्हाताऱ्याबरोबर निघाली. त्याच्या पायात तिने डेलच्या चपला सरकवल्या, त्या फटफट वाजत होत्या. दोन्ही बाजूंना डबे रांगेने उभे, आणि तो प्रत्येक डब्यामागे वाकून बघत होता. लहान मूल लपलं असावं तसं.

"कधी गेल्या?"

"मी कॉफी ठेवत होतो. दार... मी लावलं होतं. नव्हतं लावलं. माहीत नाही." थोडं चालल्यावर तो आपणहून बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. "सकाळी डोळे उघडले की ती मला ओळखत नाही. दिवसा ओळखते, कधी कधी. पण सकाळी नाही. सकाळी ती तेवीस वर्षांची असते. बघते तर पलंगावर कुणी म्हातारा. ओरडते. मारते मला. मी तिला दोष देत नाही. मलाही आवडला नसता." त्याने हसायचा प्रयत्न केला. "म्हणून मी ती उठायच्या आत बाहेर जायचो आणि मशीन लावायचो. पूर्वीपासून सकाळी मीच अंगण साफ करायचो ना, तेव्हा सगळीकडे अंजिराची झाडं होती. तिला जाग आली की आवाज ऐकू यायचा. म्हणायची, स्टेलिओस अंगणात आहे. मग उठायची, केस विंचरायची, खुर्चीत बसायची. तेवढ्यात मी दोन कप घेऊन आत जायचो. तोवर मी चालायचो तिला."

टेगनच्या हातातली बाबागाडी एका खड्ड्यात अडकली. तिने ती बाहेर काढायला नको तेवढा वेळ लावला.

"आणि आता?" तिने विचारलं.

"आता आवाज बंद. आता रोज सकाळी विचारते, तू कोण, माझ्या नवऱ्याला काय केलंस?"

कोपऱ्यावर पोचेपर्यंत डेलचा फोन आला. मोठ्या रस्त्यापलीकडच्या मैदानात सापडली आहे, या लवकर.

मैदानाच्या कडेला कौन्सिलची गाडी उभी होती. झाडांखाली पानांचे ढीग, आणि पाठीवर ब्लोअर अडकवलेला एक तरुण माळी जमिनीवर बसलेला. त्याच्या शेजारी ओल्या गवतात मरूला आडवी होती. रात्रीचा झगा चिखलाने भरला होता, एक पाय विचित्र वळला होता. तिने त्या पोराचा हात दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतला होता.

"मी पानं उडवत होतो," पोरगा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "या बाई गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आल्या. मी मशीन बंद करून त्यांना थांबवायला गेलो तर घसरल्या. अॅम्ब्युलन्स बोलावली आहे. सारखं स्टेलिओ, स्टेलिओ म्हणतायत. मी सांगतोय की माझं नाव ब्रेडन आहे. पण त्या इतक्या खूश आहेत..."

स्टेलिओस गुडघ्यांवर बसला. त्यांच्या भाषेत काहीतरी हळू बोलला आणि तिच्या कपाळावरचे केस मागे घ्यायला हात पुढे केला.

मरूलाने त्याच्याकडे पाहिलं आणि अंग चोरून माळ्याला बिलगली.

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. मग त्या पोराला म्हणाला, "अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिचा हात सोडू नकोस. आणि काही विचारलं तर हो म्हण."

"काय विचारतील?"

"काहीही. फक्त हो म्हण."

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून मरूला घरी आली नाही. डेस्पिनाने तिला आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात हलवलं, विसरभोळ्या माणसांसाठी तिथे वेगळा भाग आहे, दाराला आकड्यांचं कुलूप आहे. या वेळी बापाने वाद घातला नाही. तो दोन बस बदलून रोज तिकडे जायला लागला. केरिन स्टेलिओसला स्टीव्हच म्हणायची. ग्रुपवर तिने लिहिलं, 'बिचारा स्टीव्ह. कुणी लझान्या करून देणार का?' खाली बाविसांहून जास्त लाल बदाम आले. टेगनने फोन पालथा ठेवला.

सकाळी घर शांत असायचं. हार्वी झोपलेला असायचा. टेगन मात्र जागी, छताकडे बघत.

एका दुपारी स्टेलिओस कुंपणापाशी आला. टेगन दोरीवरचे कपडे काढत होती, मार्नी पालथ्या बादलीवर बसून मँडरिन संत्रं सोलत होती.

"घे पोरी," तो म्हणाला. पिशवीभर लिंबं होती. "आता खाणारं कुणी नाही."

तिने पिशवी घेतली नाही. "कौन्सिलला मी फोन केला होता." वाक्य घशातून निघाल्यावर तिला कळलं की ते कित्येक आठवडे तिथेच होतं. "स्टेलिओस, ती मी होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"या बाजूला बाळ तुझ्याच घरी आहे. माझ्या डेस्पिनाच्या वेळी कुणी असा आवाज केला असता तर मी त्याच्या डोक्यात पाट घातला असता."

"मग मला सांगितलं का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला. एकदा सांगितलं असतंत तर मी... मी हार्वीला घेऊन मागच्या खोलीत गेले असते. काहीही केलं असतं."

"काय सांगणार होतो?" म्हाताऱ्याने पिशवी कुंपणाच्या फळीवर ठेवली आणि ती पडू नये म्हणून हाताने धरून ठेवली. "माझी बायको मला भिते, हे? शेजारणीला? लोकांना वाटू दे म्हातारा खुळा आहे. खुळा चालेल."

टेगनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हातात दोरीवरचा लंगोट. "तिथे त्यांना आवाज ऐकवता येणार नाही का? फोनवर रेकॉर्ड करून? मी करून देते."

"डेस्पिनाने केलं. कानाशी धरलं. मरूला म्हणाली, डबीत माशी अडकलीय, सोडा बिचारीला." तो हसला, खरंच हसला, मग नाक शिंकरलं. "आता मी गेलो की नर्स सांगते, पाहुणे आलेत. मग ती नीट बसते. केस सावरते. मला विचारते, प्रवास लांबचा झाला का. मी म्हणतो, हो, लांबचा. ती माझ्याशी फार चांगली वागते, पोरी. पाहुण्यांशी वागते तशी."

बसची वेळ झाली म्हणून तो गेला. फाटक न लावताच. जाण्याआधी पिशवी तेवढी त्याने टेगनच्या हातात दिली होती.

मार्नीने मँडरिनची फोड तोंडात घातली. बराच वेळ चावत होती.

"आई, मरूलाआजीला वाटायचं पापू अंगणात आहेत ना?"

"हो गं."

"आणि तिथे अंगण नाहीये."

"नाही."

"मग आता तिला पापू कुठे आहेत असं वाटतं?"