कलमेच्या जोडाले माती

माह्या आज्याचं नाव दादाजी. नरखेडच्या अंगाले मधुकररावाची जे संत्र्याची बाग आहे, तिच्यातल्या एकूनएक झाडाची कलम त्यानं बांधली. खाली जंबेरी लिंबाचं रोप, त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हंजे फांदीवरचा कोंब, भरायचा. संत्र्याचं झाड तीस-चाळीस वर्सांत थकते बाप्पा, पन दादाजीची चाळीस झाडं नव्वदीतबी फळ देऊन राहिली होती. मालकाचा आजा बळवंतराव, त्याले कलमेचा चाकू कोन्या बाजूनं धरतेत हेबी ठाऊक नव्हतं.

मधुकरराव राहते नागपुरात, रामदासपेठेत. त्याले कोन्या शहान्यानं सांगितलं का जुन्या बागा म्हंजे वारसा, लोकं दुरून पाहाले येतेत. झालं. फाटकावर पाटी लागली, ‘कै. बळवंतराव यांनी स्वहस्ते लावलेली ऐतिहासिक बाग.’ स्वहस्ते म्हने! माह्या अंगाची लाही लाही झाली.

साठ वर्सं मी त्या बागेत राबली. सरळ मधुकररावापाशी जाऊन म्हनलं, पाटीवर माह्या आज्याचंबी नाव टाका, दुसरं काही नको. तो खुर्चीत बसल्या बसल्या हसला.

“मजुराचं नाव पाटीवर टाकते काय कोनी, भीमाबाई? चहा घेऊन जा.”

चहा मी घेतला नाही. याचा बदला घेतल्याबिगर मरनार नाही, असं मनाशी म्हनत घरी आली.

महिन्याभरात नागपूरचा ठेकेदार आला. पाहुन्याइनं बसून फोटो काढावे म्हनून त्यानं हरेक झाडाभोवती विटांचा गोल ओटा बांधला, आत बुंध्याले लागून गुडघाभर माती भरली, वरून शेवंती लावली अन् पान्याची नळी सोडली. मी झाडू घेऊन पाहून राहिली होती. दादाजीचा एकच नियम होता. डोळा जिथं भरला तो जोड जमिनीच्या वीतभर वर, उघडा पाहिजे. जोडाले ओली माती लागली का डिंक गळते, साल सडते, झाड उभ्या उभ्या मरते. आमच्या घरी लेकराले बाराखडीच्या आधी हे शिकवत. अन् मालकाच्या तीन पिढ्याइले पत्ता नाही.

ठेकेदारानं मलेच इचारलं, आजी तुम्ही जुन्या मानूस, बरोबर झालं ना?

“मस्त झालं,” मी म्हनली.

माही नात दीक्षा नागपूरजवळच्या वाडीले नोकरी करते. रविवारी आली, ओटे पाहून तिचं तोंडच उतरलं. अजूनबी सांगून टाक वं आजी, म्हने, झाडाइनं तुहं काय वाकडं केलं? मी तिले दटावलं. त्याच झाडाइच्या सावलीत मले माह्या मायनं वाढवलं. पन मधुकररावाचं ते हसनं आठवलं का जीभ टाळूले चिकटे.

दुसऱ्या पावसाळ्यात डिंक सुटला. दिवाळीले आठ झाडं वाळली, होळीपर्यंत चाळीसच्या चाळीस. मी रोज जाऊन पाहत होती अन् मले गारगार वाटत होतं. तिकडं बाग वारसा म्हनून मानायची का नाही हे ठरवनारी कमेटी यायची तारीख ठरून बसली होती.

मग मधुकरराव माह्या दारात आला. औषध इचारत होता. औषध नाही, म्हनलं, अन् सगळं सांगितलं. जोडाचं, मातीचं, मी तोंड शिवून बसल्याचं. तो पायरीवरच बसला.

तिथूनच म्हने, चूक झाली. पाटी उद्याच बदलतो, दादाजीचं नाव वर टाकतो, मोठ्या अक्षरात. झाडं गेली, आता बागेची कहानीच तेवढी उरली अन् ते तुमच्याबिगर कोनाले येत नाही. कमेटीपुढं उभ्या राहा, हात जोडतो.

जन्मभर मले जे पाहिजे होतं, ते तो माह्या पायाशी ठेवत होता.

“जित्या झाडाइवर माह्या आज्याचं नाव नाही टाकलं,” मी म्हनली. “आता मढ्यावर टाकू नका.”

तो गेला. मी दार लावून घेतलं अन् दादाजीचं नाव घेऊन ढसाढसा रडली.